वाचक विचारतात: अंबरमधला तो किडा नेमका कोणता?

मागच्या अंकात अंगठीतल्या खड्यांवर लिहिताना मी अंबरबद्दल जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, की त्यात कधीकधी किडा सापडतो आणि तो कोण हे घरबसल्या बऱ्यापैकी ओळखता येतं. झालं. तेव्हापासून फोटो येतायत ते थांबेचनात, निम्मे हललेले, दोन चक्क उलटे, एकात तर खड्यापेक्षा बोटावरचं नेलपेंट जास्त स्पष्ट दिसतंय. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून काही प्रश्न निवडलेत.

आधी एक सांगते, अंबर म्हणजे दगड नव्हे, झाडाची राळ. डिंक वेगळा हं, डिंक पाण्यात विरघळतो आणि लाडवात जातो, राळेला पाण्याचं काही वाटत नाही, म्हणून तर ती जमिनीखाली कोट्यवधी वर्षं टिकली. आपला जुना शब्द तृणमणी, कारण लोकरीवर घासला की गवताच्या काड्या ओढून घेतो.

नमस्कार ताई, ऑफिसच्या कामासाठी पोलंडला गेले होते तेव्हा ग्दान्स्कमधून एक पेंडंट आणलं. आत डास आहे असं दुकानदार म्हणाला. नवरा म्हणतो डास असेल तर त्याच्या पोटात डायनोसोरचं रक्त असेल, जपून ठेव. डासच आहे का हा? फोटो पाठवलेत. – एक वाचक, पुणे

आधी नवऱ्याचं बघू. बाल्टिक समुद्राकाठचं अंबर ढोबळमानाने साडेतीन ते पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीचं, आणि डायनोसोर गेले साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या किड्याने रक्त प्यायलंच असेल तर फार तर कुठल्यातरी सस्तन प्राण्याचं किंवा पक्ष्याचं. आणि डीएनएचं म्हणाल तर १९९०च्या दशकात अंबरमधल्या किड्यांचा डीएनए मिळाल्याचे मोठमोठे दावे झाले, पण १९९७ साली लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या लोकांनी तेच प्रयोग पुन्हा काळजीपूर्वक करून बघितले तर हाती काहीच लागलं नाही. त्यांना सांगा, लॉकर नको, कपाट पुरेल.

आता किडा. तुमचा तिसरा फोटो छान आलाय (पहिल्या दोघांचं फ्लॅशने वाटोळं केलं). त्यात मिशा बघा, पिसासारख्या झुबकेदार आहेत. पाठीला कुबड आहे, पुढचे पाय लांबच लांब, आणि तोंडाशी सोंड नाहीये. डासाला सोंड हवीच, शिवाय डासाच्या पंखांच्या शिरांवर बारीक खवले असतात, इथे तेही नाहीत. म्हणजे हे कायरोनोमिडी कुटुंबातलं न चावणारं घुंगुरटं, आणि मिशा एवढ्या झुबकेदार म्हणजे नर. संध्याकाळी नदीकाठी दिव्याखाली ज्यांचा थवा नाचत असतो ना, तेच. यांच्या अळ्या पाण्यात वाढतात, माशांना खाऊ म्हणून फिश टँकवाले ज्या लाल अळ्या विकतात त्या याच कुटुंबातल्या. तेव्हा ज्या झाडाची ही राळ त्याच्या आसपास पाणी होतं एवढं तुमचं पेंडंट नक्की सांगतंय, आणि मला विचाराल तर हे डायनोसोरच्या रक्तापेक्षा जास्त मजेशीर आहे.

खरे डास अंबरमध्ये फार कमी सापडतात, पण दुकानदाराला पंख आणि लांब पाय दिसले की तो डास म्हणूनच विकतो. तुम्ही स्वतः बघताना आधी पंख मोजा. दोनच पंख आणि त्यांच्या मागे टाचणीच्या डोक्यासारख्या दोन बारीक दांड्या असतील तर माशी-डास-घुंगुरट्यांचं मोठं खानदान, बाल्टिक अंबरमधले निम्म्याहून जास्त किडे याच खानदानातले आहेत. चार पंख आणि कंबर बारीक असेल तर गांधीलमाशी किंवा मुंगीचे भाऊबंद, त्यात मिशा कोपरात वाकल्यासारख्या आणि कंबरेला एक-दोन गाठी दिसल्या की मुंगी पक्की. चारही पंख सारख्या लांबीचे आणि अंगापेक्षा मोठे असतील तर वाळवी. पाठीवर टणक ढाल मधोमध चिरलेली दिसली तर भुंगेरा, आणि पाय आठ भरले तर कीटक नाहीच, कोळी किंवा गोचीडवाल्यांपैकी कुणीतरी.

तुमच्या पेंडंटमधल्या किड्याच्या पोटाच्या एका बाजूला दुधाळ साय धरल्यासारखं दिसतंय त्याची काळजी करू नका, घाण नाहीये ती आणि पॉलिश करून जाणारही नाही. किडा अडकल्यावर कुजायला लागला, त्यातून निघालेल्या ओलाव्याचे आणि वायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे राळेत पसरले, त्याची ती साय. बाल्टिक अंबरची ही खूण समजतात, नकली माल बनवणारे सहसा एवढी मेहनत घेत नाहीत. दुकानदार मात्र साय असलेला नग स्वस्तात देतो, कारण गिऱ्हाईकाला स्वच्छ किडा हवा असतो. मी असते तर सायवालाच घेतला असता.

आमच्या पणजीला वळिवड्याच्या छावणीतल्या एका पोलिश बाईंनी जाताना मण्यांची माळ दिली होती. मध रंगाचे मणी आहेत आणि आत गोल गोल सोनेरी पाकळ्या दिसतात. हे कुठलं फूल? आई म्हणते शेवंतीसारखं आहे. – एक वाचक, कोल्हापूर

हा प्रश्न वाचून मी चहा बाजूला ठेवला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, दुसऱ्या महायुद्धात साधारण पाच हजार पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहत होते, १९४३ ते १९४८. ती माणसं काय काय सोसून इथवर आली होती हे वाचलं की त्यातल्या कुणी जाताना शेजारणीच्या हातात माळ ठेवली याचं मोल वेगळंच वाटतं, आणि आता मी जे सांगणार आहे त्याने ते मोल कमी होत नाही.

त्या पाकळ्या फुलाच्या नाहीत. गढूळ अंबर स्वच्छ दिसावं म्हणून तेलात हळूहळू तापवायची जुनी पद्धत आहे. तापल्यावर आतले बुडबुडे फुगतात आणि प्रत्येक बुडबुड्याभोवती चपटी गोल भेग पडते, तिच्यावर उजेड पडला की कमळाच्या पानासारखी, माशाच्या खवल्यासारखी किंवा तुमच्या आईंना दिसली तशी शेवंतीच्या पाकळीसारखी चमकते. बाजारात लोक आता मुद्दाम हेच मागतात. ओळखायची खूण सोपी, मणी बोटात हळूहळू फिरवा, एका कोनात पाकळी लख्ख चमकेल आणि पुढच्या कोनात जवळजवळ गायब होईल. खरी पाकळी अशी गायब होत नाही, ती कुठूनही बघा तपकिरीच दिसते, कडा चुरगळलेल्या असतात आणि भिंगातून शिरा दिसतात.

माळ अंबरचीच आहे का हे बघायचं असेल तर (त्या काळी सेल्युलॉइड आणि बेकेलाइट या जुन्या प्लॅस्टिकच्या माळाही अंबर म्हणून खपायच्या) दोरा ओवताना सुटलेला एखादा मणी घ्या. पाव लिटर पाण्यात ४५ ग्रॅम मीठ, म्हणजे अडीच मोठे चमचे, पूर्ण विरघळवा आणि मणी सोडा. अंबर तरंगतं, काच, बेकेलाइट, सेल्युलॉइड तळाला जातं. नंतर साध्या पाण्याने धुऊन पुसून घ्या. पुरी माळ बुडवू नका, दोरा कुजतो आणि चांदीची कडी असेल तर तिच्या वजनाने खरा मणीही बुडतो आणि घरात उगाच रडारड.

दादाने ऑनलाइन विंचूवालं अंबर मागवलंय, ९०० रुपयांत, चार सेंटिमीटरचा अख्खा विंचू. सर्टिफिकेट आहे, त्यावर बर्मीज अंबर, १० कोटी वर्षं असं लिहिलंय. कॉलेजच्या प्रदर्शनात ठेवू का? – एक विद्यार्थिनी, लातूर

ठेव, पण पाटी बदल. पाटीवर लिही: "विंचू खरा, अंबर खोटं."

हसू नकोस, मीही फसले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी परदेशातल्या एका विमानतळावर घाईघाईत असाच एक विंचू घेतला, घरी येऊन टेबललॅम्पखाली धरला तेव्हा पहिल्या मिनिटात कळलं आणि उरलेला आठवडा कुणाला सांगायची सोय नव्हती. कळलं कशावरून? बसण्यावरून. विंचू असा बसला होता जसा फोटोला उभा राहिलाय, आठही पाय दोन्हीकडे सारखे पसरलेले, नांगी नीट वर, बरोबर मधोमध. चिकट राळेत जिवंत सापडलेला प्राणी असा बसेल का? तो धडपडतो, एखादा पाय तुटून बाजूला पडतो, पंख दुमडतो, आजूबाजूला राळेच्या थरांचे वळसे पडतात, शेजारी लाकडाचा भुसा, धूळ, किड्याची विष्ठा असं काहीबाही असतं. आणि मोठा प्राणी बहुतेक वेळा जोर लावून सुटतो, म्हणून अंबरमध्ये अडकलेले बहुतेक जीव काही मिलिमीटरचेच असतात. बाल्टिक अंबरमध्ये तर विंचू अतिशय दुर्मिळ, असा एक चांगला नमुना निघाला तर म्युझियमवाले मागे लागतात, तो ९०० रुपयांत घरपोच येत नाही. तुझ्या दादाच्या हातात आहे तो आजचा विंचू, प्लॅस्टिक रेझिनमध्ये ओतलेला.

मिठाच्या पाण्याची वर सांगितलेली टेस्ट कर, बुडायला हवा. बुडला नाही तरी लगेच नाचू नकोस, काही प्लॅस्टिकं तरंगतात, आणि चंद्रूसही तरंगतो. चंद्रूस म्हणजे कोपल, अजून पुरती न पिकलेली राळ, काहीशे ते काही हजार वर्षांची, मादागास्कर आणि कोलंबियाहून भरपूर येते आणि सर्रास अंबर म्हणून विकली जाते. त्यात किडे खरे असतात आणि खरेच अडकलेले असतात, फक्त वय खोटं. ते ओळखायला खड्याच्या मागच्या कोपऱ्यावर असिटोनचा एक थेंब टाकून थोड्या वेळाने बोट लाव, चिकट लागलं तर चंद्रूस. किड्याच्या वर थेंब टाकू नकोस, डाग राहतो. गरम सुई टोचायचा सल्ला सगळीकडे देतात, मी देत नाही, खरा निघाला तर कायमचं भोक पडतं.

आणि आपण फसलो म्हणून वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, यात फार मोठी माणसं फसलेली आहेत. लंडनच्या त्याच म्युझियममध्ये १९२२ पासून बाल्टिक अंबरमधली एक माशी होती, एकोणिसाव्या शतकातल्या एका नामवंत माशीतज्ज्ञाच्या संग्रहातली. १९६६ मध्ये विली हेनिग, म्हणजे कीटकशास्त्रातलं देव्हाऱ्यातलं नाव, त्यांनी तिचा अभ्यास केला आणि आश्चर्य व्यक्त केलं की ही तर हुबेहूब आजची संडासमाशी आहे, इतकी कोटी वर्षं काहीच बदल नाही! मग १९९३ मध्ये म्युझियममधलेच अँड्र्यू रॉस ती मायक्रोस्कोपखाली बघत असताना दिव्याच्या उष्णतेने खड्यात भेग दिसायला लागली आणि भानगड उघडी पडली. कुणीतरी खऱ्या अंबरचा तुकडा मधोमध कापून, आत खळगा कोरून, आजची माशी बसवून परत चिकटवला होता. अंबर खरं, माशी खोटी, तुझ्या विंचवाच्या बरोबर उलट. म्हणून खड्याच्या कडेने भिंग फिरवून सरळ रेषेत जाणारा सांधा दिसतो का ते नेहमी बघ.

सर्टिफिकेटवरचं "बर्मीज" हेही सोडू नकोस. म्यानमारच्या काचिन भागातलं अंबर खरंच सुमारे ९.९ कोटी वर्षांचं आहे, त्यातूनच २०१६ मध्ये पिसांसकट डायनोसोरची शेपटी जाहीर झाली, तीही बाजारात विकायला आलेली. पण त्या खाणींभोवती लढाई चालू आहे, २०१७ मध्ये लष्कराने त्या भागाचा ताबा घेतला, आणि अनेक शास्त्रज्ञ आता हा माल हातात घ्यायलाच तयार नाहीत. खरं मिळालं तरी मी घेणार नाही. आणि हो, ओळखण्यात चूक इथेही झाली, २०२० च्या मार्चमध्ये एक इवलीशी कवटी जगातला सर्वात छोटा डायनोसोर-पक्षी म्हणून गाजली, जुलैमध्ये पेपर मागे घ्यावा लागला. सरड्याच्या जातीतला प्राणी निघाला.

आम्ही न्यू जर्सीत असतो, डॉमिनिकन रिपब्लिकला सुट्टीवर गेलो होतो तिथून एक तुकडा आणला. आत छोटी काळसर माशी आहे, मागच्या पायाला गोळा चिकटलाय. माशी आजारी होती का? – एक वाचक, न्यू जर्सी

आजारी नाही हो, कामावर होती! ही माशी नाही, डंख नसलेली मधमाशी आहे, आणि तिकडच्या अंबरमध्ये तिची एक जात, प्रोप्लेबिया डॉमिनिकाना, भरपूर सापडते. या मधमाश्या पोळं बांधायला राळ गोळा करून मागच्या पायावर वाहून नेतात, तो गोळा बहुधा राळेचाच. आता जी बाई रोज राळ आणायला राळेच्या झाडावर जाते ती कधीतरी अडकणारच. ती राळही आपल्याला परकी नाही, हायमेनिया नावाच्या झाडाची आहे, आपल्या चिंचेच्या कुळातलं. वय दीड ते दोन कोटी वर्षं.

ताई, भारतात अंबर सापडतं का? आम्ही मूळचे जळगावचे, आता सुरतेत आहोत. – एक वाचक, सुरत

तुमच्या दारात सापडतं! सुरतेपासून तीसेक किलोमीटरवर वस्तानची लिग्नाइटची खाण आहे, तिथल्या कोळशात सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचं अंबर मिळालं आणि २०१० मध्ये जर्मन, भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी मिळून त्यातले ७०० च्या वर जीव जाहीर केले, कीटक, कोळी वगैरे मिळून १४ गण, ५५ च्या वर कुटुंबं. ही राळ साल वृक्षाच्या कुळातली, म्हणजे पूजेच्या दुकानात धुपासाठी मिळते त्या राळेच्या नात्यातली. पवईच्या आयआयटीतही तिच्या रसायनावर काम झालंय.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट अशी की तेव्हा भारत आशियाला नुकता टेकत होता. कित्येक कोटी वर्षं एकटं तरंगत आलेलं बेट, तेव्हा इथले किडे जगावेगळे असतील अशी अपेक्षा होती. निघाले मात्र युरोप, आशिया, अगदी अमेरिकेतल्या किड्यांचे सोयरे. म्हणजे येण्याजाण्याच्या वाटा आधीपासून चालू होत्या. आणि हे सगळं कळलं ते एकदोन मिलिमीटरच्या चिलटांच्या पंखांच्या शिरा मोजून.

एक सावधगिरी, वरची असिटोनची टेस्ट वस्तानच्या अंबरला लावू नका. ते बाल्टिकसारखं घट्ट झालेलं नाही, टोल्युइन, क्लोरोफॉर्ममध्ये अख्खं विरघळतं, शास्त्रज्ञांनी तर असं विरघळवून अखंड किडा बाहेर काढलाय, जे बाल्टिकवाल्यांना स्वप्नातही जमत नाही. तुम्ही टेस्ट केलीत तर ५ कोटी वर्षांच्या वस्तूला चंद्रूस ठरवून मोकळे व्हाल. आणि खाणीत शिरू नका प्लीज, कडे कोसळतात.

मी बॉटनी शिकवतो. सगळे किड्यांबद्दलच बोलतात, झाडाचे अवशेष कसे ओळखायचे? माझ्याकडच्या तुकड्यात शेवाळासारखी नक्षी आहे. – एक शिक्षक, सातारा

सर, तुमची तक्रार रास्त आहे. नक्षीचं आधी सांगते, ती भेगेच्या पातळीतच सपाट पसरली असेल आणि फांद्या टोकाकडे धातूसारख्या चमकत किंवा काळ्या असतील तर ते खनिज आहे, भेगांमध्ये शिरलेलं, बाल्टिकमध्ये बहुतेकदा पायराइट. खरं शेवाळ सपाट राहत नाही, फोकस खालीवर केला की त्याची पानं वेगवेगळ्या खोलीवर दिसतात.

बाकी झाडाचं सर्वात जास्त मिळणारं म्हणजे लव. बाल्टिक तुकड्यात चाळीस पट मोठं करून बघा, चांदणीसारखे बारीक केस दिसतील, एका बिंदूतून पाच-सात टोकं फुटलेली. ती ओकच्या झाडाची, इतकी सर्रास असतात की ती दिसली की तुकडा बाल्टिक असण्याची शक्यता एकदम वाढते. मी किडा बघायच्या आधी ही चांदणी शोधते.

फुलं दुर्मिळ, आणि आकारावरून ओळखली तर घात होतो. बाल्टिकमधलं सगळ्यात मोठं फूल २८ मिलिमीटरचं आहे, १८७२ मध्ये त्याला चहाच्या कुळातलं म्हणून स्टुअर्टिया हे नाव दिलं गेलं. दीडशे वर्षं ते तसंच राहिलं. मग २०२३ मध्ये सडोव्स्की आणि हॉफमन या दोघी संशोधिकांनी फुलाजवळून टोकदार सुरीने परागकण खरवडून काढले, मायक्रोस्कोपखाली धरले, तर कुळच वेगळं निघालं, सिम्प्लोकोस. सर, तुम्ही ओळखलंच असेल, आपला लोध्र! वैद्यांच्या दुकानात साल मिळते तोच, सह्याद्रीतही त्याच्या जाती आहेत. तेव्हा वर्गात मुलांना परागकण मोजायला लावता ना, ते चालू ठेवा.

जाता जाता काही छोटे प्रश्न.

अंबर म्हणजे देवमाशाच्या पोटातलं ते अत्तराचं का, असं रत्नागिरीहून विचारलंय. नाही, ते अंबरग्रीस, दोघांच्या नावाचा घोळ जुना आहे. आणि किनाऱ्यावर सापडलं तर विकायला जाऊ नका, आपल्याकडे तो गुन्हा आहे, वनखात्याला कळवा.

फोटो कसा काढायचा हे नऊ जणांनी विचारलंय. काचेच्या वाटीत पाणी घ्या, खडा त्यात बुडवा, म्हणजे वरचे ओरखडे आणि गोलाईची चमक दिसेनाशी होते. खाली पांढरा कागद, उजेड बाजूने, फ्लॅश बंद, मोबाईलला वीस-पंचवीस पटीची क्लिप-ऑन लेन्स. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा, नाहीतर मला मुंगी आणि मुंगळा सारखेच दिसतात.

सॅनिटायझरने पुसलं तर चालेल का, ठाण्याहून एक ताई विचारतात. नको. स्पिरिट, परफ्यूम, हेअरस्प्रे काहीच नको, मऊ ओलं फडकं बास, आणि खिडकीतल्या उन्हात ठेवू नका, वरचा थर काळवंडतो आणि बारीक तडे जातात. तुमच्या फोटोतला खडा आधीच तडकायला लागलाय, त्यामुळे आतली मुंगी नीट दिसत नाहीये, वरच्या पद्धतीने पाण्यात बुडवून पुन्हा एक फोटो पाठवा, कंबरेच्या गाठी एक आहेत की दोन ते मला मोजायचंय.